दादांची उसण

दादा माझ्या वरच्या मजल्यावर राहत. पिंपरीतल्या एका कारखान्यात टूल रूममध्ये, म्हणजे हत्यारं आणि साचे घडवणाऱ्या खात्यात, ते कामाला होते. कारखाना उभा राहत होता त्या दिवसांत, बासष्ट-त्रेसष्टच्या सुमारास, ते सातारा जिल्ह्यातून आले आणि पुढे तिथेच राहिले. हाताला फार अचूक होते. पण वसाहतीत त्यांची ओळख हाताची नव्हती, पायाची होती. दादा पायाळू होते.

जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर येतात तो पायाळू. वाकताना किंवा वजन उचलताना पाठीत उसण भरली, तर पायाळू माणसाने पाठीला तीनदा पाय लावायचा, म्हणजे ती जाते, अशी आमच्याकडे समजूत आहे. कारखान्यात दिवसभर लोखंड उचलणाऱ्या माणसांच्या पाठी वरचेवर धरत. जेवणाच्या सुट्टीत टूल रूमच्या मागे गोणपाट अंथरलेलं असे. ज्याची पाठ धरली असेल तो त्यावर पालथा पडायचा. दादा उजवा बूट काढायचे, मोजा काढायचे, आणि कमरेपासून वर खांद्यापर्यंत हलकेच तीनदा पाय टेकवायचे. या वेळी कोणी बोलायचं नाही. कारखान्याच्या डिस्पेन्सरीतला कंपाउंडरसुद्धा एकदा पाठ घेऊन आला होता. डॉक्टरसाहेबांना सांगू नका, एवढंच त्याचं म्हणणं होतं.

दादांचा स्वतःचा विश्वास बेताचाच होता. मी पुण्यातल्या एका दैनिकात उपसंपादक होतो, म्हणून ते मला पेपरवाले म्हणत. एकदा मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, "पायात काही नाही हो, पेपरवाले. माणूस दोन मिनिटं गप पालथा पडतो ना, त्यानंच निम्मी जाते. उरलेली निम्मी त्याची त्यालाच लाज वाटून जाते."

एक नियम मात्र ते कसोशीने पाळत. आलेल्या माणसाला आधी पालथं व्हायला सांगत. ज्याला पालथं होता येत नाही त्याला पाय लावायचा नाही. रंगखात्यातला एक जण असाच पोटाशी गुडघे घेऊन आला होता आणि काही केल्या सरळ होईना. दादांनी त्याला हाकलून डॉक्टरकडे पाठवलं. मुतखडा निघाला. तेव्हापासून हा नियम पक्का झाला.

सत्तरचं दशक संपता संपता दादांच्या पायांवर सूज दिसू लागली. रक्तदाब वाढलेला निघाला, मग रक्त तपासलं, मग कळलं की दोन्ही मूत्रपिंडं आक्रसली आहेत आणि पुन्हा चालू होणार नाहीत. डायलिसिसची यंत्रं तेव्हा पुण्यात मोजकीच होती. दादांना एका रुग्णालयात मंगळवार आणि शुक्रवार मिळाला. रक्त नळीतून बाहेर यायचं, यंत्रात धुतलं जायचं आणि दुसऱ्या नळीतून परत शरीरात जायचं. याला पाच तास लागत. सुया टोचायला सोपं जावं म्हणून त्यांच्या डाव्या मनगटाजवळ एक धमनी आणि एक शीर जोडली होती. तिथे बोट ठेवलं तर आत सतत काहीतरी घुरघुरत असल्यासारखं लागे.

माझी पाळी दुपारी दोनला सुरू होई आणि कचेरी रुग्णालयापासून चालत दहा मिनिटांवर होती. म्हणून त्या दोन दिवशी सकाळच्या बसने मी दादांबरोबर जात असे. वहिनी, म्हणजे दादांच्या पत्नी, घरचं आवरून मागून येत.

रक्त शरीराबाहेर फिरताना नळ्यांमध्ये गोठू नये म्हणून त्यात एक औषध सोडत. सिस्टर त्याला हेपारिन म्हणत, दादा कूलंट म्हणत, म्हणजे यंत्रावर कापला जाणारा तुकडा, त्यांच्या भाषेत जॉब, तापू नये म्हणून सोडतात ते पाणी. "कूलंट कमी पडलं तर जॉब जळतो, जास्त झालं तर गळतो," असं ते सिस्टरला समजावून सांगत. सिस्टर केरळच्या होत्या. त्यांना यातलं फक्त 'गळतो' कळे आणि त्या तेवढ्यावर मान हलवत. औषधाचा अंमल काही तास राही. मशीनच्या दिवशी दादा दाढी करत नसत, ब्रशने दात घासत नसत. सुयांच्या जागा पंधरा-वीस मिनिटं दाबून धराव्या लागत. नाकातून रक्त आलं, शौचाला काळं झालं, सुयांची जागा वाहू लागली, तर लगेच कळवायचं, हे आम्हा तिघांना पाठ होतं. शरीराच्या आत, कुठूनही बाहेर न येता रक्त साठू शकतं, हे मात्र कोणी सांगितलं नव्हतं. तसं फार क्वचित होतं, म्हणून सांगितलं नसावं.

दादांची थोरली बहीण त्यांना मूत्रपिंड द्यायला तयार झाली होती. तपासण्या जुळल्या होत्या. शस्त्रक्रिया मुंबईला, दिवाळीनंतर व्हायची होती. तोपर्यंत दादांना यंत्रावर तग धरायचा होता. मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की मध्ये काही नवी तक्रार निघाली तर तारीख पुढे ढकलावी लागेल. दादांनी याचा अर्थ आपल्या परीने घेतला. सर्दी झाली तरी ते रुग्णालयात सांगत नसत. "फाईल कोरी ठेवायची," ते म्हणत. "दिवाळीपर्यंत फाईलीत काही चढू द्यायचं नाही."

भाद्रपदातल्या एका बुधवारी सकाळी त्यांनी पाण्याची भरलेली बादली उचलली. आदल्या दिवशी, मंगळवारी, डायलिसिस झालं होतं. बादली उचलायची गरज नव्हती. वहिनी चहा करत होत्या, पाणी जाण्याची वेळ झाली होती, आणि एवढ्याशा कामासाठी हाक काय मारायची म्हणून त्यांनी स्वतःच उचलली. डाव्या बाजूला कमरेच्या वर एकदम कळ आली. त्यांनी बादली खाली ठेवली, भिंतीला धरून उभे राहिले आणि वहिनींना म्हणाले, "उसण भरली."

यावर कोणी शंका घेण्याचं कारण नव्हतं. उसण कशाला म्हणायचं हे आमच्या भागात दादांएवढं कोणाला ठाऊक नव्हतं. त्यांनी शेकडो पाठी पाहिल्या होत्या.

मी नऊच्या सुमारास वर गेलो. दादा पलंगावर उजव्या कुशीवर होते. डावा गुडघा पोटाकडे घेतला होता, त्याखाली उशी होती. वहिनी विटेचा शेक देत होत्या.

"या, पेपरवाले," दादा म्हणाले. "आज आमचंच गोणपाट अंथरलंय."

"मग लावा की पाय," मी म्हणालो.

"माझा पाय माझ्या पाठीला पोचत नाही. तेवढी एक सोय देवानं ठेवली नाही."

कळ आता पाठीतून जांघेत उतरली होती. त्यांनी कोपऱ्यावरच्या दुकानातून आणवलेल्या अंगदुखीच्या दोन गोळ्या घेतल्या होत्या. मी म्हणालो, रुग्णालयात कळवू. ते म्हणाले, उसणीसाठी कोणी कळवतं का? वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मी कचेरीतून फोन करतो असं त्यांना जिन्यात सांगितलं.

दुपारी फोन केला. दादांचे डॉक्टर स्वतःच फोनवर आले. शांत, थोडं बोलणारे गृहस्थ होते.

"दादांची पाठ धरली आहे," मी म्हणालो. "उसण भरली आहे."

"काही उचललं का?"

"सकाळी पाण्याची बादली."

"बादली कशाला उचलायची? सुयांच्या जागेतून रक्त?"

"नाही."

"ताप?"

"नाही."

"मग झोपवून ठेवा. शुक्रवारी येतीलच, बघतो."

संभाषण मिनिटभराचं झालं. त्यात मी खोटं काही बोललो नाही. डॉक्टरांनी विचारायचं ते विचारलं, विचारलं त्याचं मी उत्तर दिलं. पण मी त्यांना दादांचा निष्कर्ष सांगितला. मी काय पाहिलं ते सांगितलं नाही. गुडघा पोटाकडे घेतलेला, कळ जांघेत उतरलेली, दोन गोळ्या, यातलं काही त्यांच्यापर्यंत गेलं नाही. 'उसण' हा शब्द आधी गेला आणि मग विचारण्यासारखं फारसं उरलं नाही. एखाद्या तालुक्याच्या वार्ताहराने अशी बातमी पाठवली असती तर मी ती परत केली असती.

गुरुवारी सकाळी वहिनी खाली आल्या. दादा संडासाला जायला उठले आणि उंबऱ्यापाशी डावा गुडघा एकदम दुमडला. वहिनींनी सावरलं म्हणून पडले नाहीत. "मांडी बधिर झालीय म्हणतात," त्या म्हणाल्या. "आणि पायाळू बघून आणा म्हणतात."

"दवाखान्यात नेऊ."

"मी तेच म्हणाले. तर म्हणतात, आधी पायाळू. नाहीच राहिलं तर उद्या मशीनला जायचंच आहे."

पिंपळे गुरवची एक म्हातारी पिंपरीच्या मंडईत पालेभाजी विकायला बसे. ती पायाळू असल्याचं सगळ्या मंडईला माहीत होतं. हमाल तिच्याकडेच जात. मी सायकल काढली. मंडईत पोचलो तेव्हा ती मेथीच्या जुड्यांवर पाणी शिंपडत होती. मी काम सांगितलं.

"तुमची पाठ?" तिने मला खालवर पाहिलं. "खुर्चीत बसून उसण भरती व्हय?"

"माझी नाही. आमच्या शेजारच्या दादांची."

"कंचे दादा? कंपनीतले? ते तर सोता पायाळू हायेत!"

शेजारची कांदेवाली हसायला लागली. "जा की, मावशी. डॉक्टरला डॉक्टर लागतोयच की."

म्हातारीने टोपलीवर ओलं पोतं टाकलं, कांदेवालीला लक्ष ठेवायला सांगितलं आणि उठली. सायकल तिथेच ठेवून मी रिक्षा केली. रस्त्यात तिने एकच गोष्ट विचारली, किती दिवस झाले. मी म्हणालो, कालपासून.

दादांनी तिला पाहून उठायचा प्रयत्न केला. चेहरा पांढुरका दिसत होता, कपाळावर घाम होता. वहिनींनी तो पुसला तरी पुन्हा येत होता.

"काय वो," म्हातारी म्हणाली, "माझं गिऱ्हाईक तोडता व्हय कंपनीत? निम्मे हमाल तुमच्याकडंच येत्यात आता."

"आज मीच तुमचं गिऱ्हाईक, मावशी."

"बसा, उठू नगा." तिने आधार द्यायला त्यांचं डावं मनगट धरलं आणि चटकन सोडलं. "आगं बया! हातात काय घुरघुरतंय?"

"मशीनचं कनेक्शन आहे ते," दादा म्हणाले. "भिऊ नका, करंट नाही."

तिने पदर खोचला, चपला दाराबाहेर काढल्या. "व्हा पालथं."

दादा उजव्या कुशीवरून वळू लागले. छाती वळली, पोट वळलं, पण डावी मांडी खाली जाईना. वहिनींनी गुडघा हलकेच सरळ करायचा प्रयत्न केला तेव्हा त्यांच्या तोंडून आवाज निघाला. एवढ्या दिवसांत मी तो ऐकला नव्हता. ते पुन्हा कुशीवर आले. पुन्हा वळले. पुन्हा तेच झालं.

म्हातारी बघत उभी होती. मग तिने दारापाशी जाऊन चपला पायात घातल्या.

"मी न्हाई लावणार पाय."

"का हो?" वहिनींनी विचारलं.

"पालथं होववत न्हाई त्याला पाय लावू न्हाई. ही उसण न्हाई, बाई. आमच्या आयनं घालून दिलंय ते. दुसरंच कायतरी हाय ह्ये."

 दादा भिंतीकडे पाहत होते. ते म्हणाले, "बरोबर आहे." आणि थोड्या वेळाने, "मीच सांगत आलोय सगळ्यांना." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "पेपरवाले, गाडी बघा."

म्हातारीने काही घेतलं नाही. रिक्षासुद्धा घेतली नाही, चालत गेली. मी कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातून कारखान्याच्या फाटकावर फोन केला. त्यांची रुग्णवाहिका अर्ध्या तासात आली. टूल रूममधले दोघे बरोबर आले होते. त्यांनी दादांना गुडघा वाकवलेल्या अवस्थेतच चादरीत घेऊन जिन्यावरून उतरवलं.

गाडी दापोडीच्या पुढे गेल्यावर मी खिशातला कागद काढला आणि वहिनींना विचारून लिहायला लागलो. मंगळवार, डायलिसिस, दहा ते तीन. बुधवार सकाळी साडेसहा, बादली, डाव्या पाठीत कळ. नऊ वाजता कळ जांघेत. डावा गुडघा पोटाशी, सरळ केला तर वेदना. अंगदुखीच्या गोळ्या दोन, रात्री आणखी एक. गुरुवार सात वाजता उभं राहताना डावा गुडघा दुमडला, मांडी पुढून बधिर. पालथं होता येत नाही. घाम, चेहरा पांढरा. 'उसण' हा शब्द मी कुठेही लिहिला नाही.

रुग्णालयात डॉक्टरांनी कागद उभ्यानेच वाचला. दुसऱ्यांदा वाचला. मग एकदा माझ्याकडे पाहिलं आणि आत गेले. मी त्यांच्या मागे गेलो. त्यांनी दादांच्या मांडीला पुढून टाचणी लावली.

"टोचतंय?"

"बोथट लागतंय."

"आणि या पायाला?"

"हां. हे टोचलं."

रक्तदाब खाली गेला होता. हिमोग्लोबिन मंगळवारी सात होतं, ते साडेचारवर आलं होतं. एक्स-रे काढला. डॉक्टरांनी तो खिडकीकडे धरून वहिनींना आणि मला दाखवला. मणक्याच्या उजव्या बाजूने एक तिरकी रेघ खाली जाताना दिसत होती. डाव्या बाजूला ती रेघ पुसून टाकल्यासारखी नाहीशी झाली होती.

"मणक्यापासून मांडीपर्यंत एक जाड स्नायू जातो," ते म्हणाले. "ही त्याची कड. डावीकडे त्यात रक्त साठलंय. पोटाच्या मागे. म्हणून पाय सरळ होत नाही, आणि मांडीची नस दबलीय म्हणून बधिर."

"बादलीनं फुटलं?" वहिनींनी विचारलं.

"एरवी बादलीनं काही झालं नसतं. मूत्रपिंड गेलं की रक्ताची गोठायची ताकद मुळातच कमी होते. त्यात आदल्या दिवशीचं हेपारिन. त्यात त्या गोळ्या, त्यांनीही गोठणं लांबतं. मी स्वतः हे दुसऱ्यांदा पाहतोय."

पहिल्याचं काय झालं ते वहिनींनी विचारलं नाही. मीही विचारलं नाही.

दादा शुद्धीवर होते आणि सगळं ऐकत होते. "डॉक्टर," ते म्हणाले, "हे फाईलीत चढणार का?"

"चढणार."

"मुंबईला दाखवणार?"

"सगळ्यात आधी हेच दाखवणार. त्यांना टेबलावर कळलं तर तुम्ही टेबलावरून उठणार नाही."

दादांनी फाईलीकडे बोट केलं. "मग नीट लिहा," ते म्हणाले. "बादलीसुद्धा लिहा. आणि उसण मी म्हणालो होतो, पेपरवाले नाही."

रक्त लागणार होतं. पहिली पाळी सुटल्यावर टूल रूममधून सहा जण आले, त्यातल्या चौघांचं जुळलं. एक जण दंड उघडून आडवा होताना म्हणाला, "दादांनी आमच्या पाठीवर पाय दिला, आता घ्या आमच्या दंडात सुई. फिटंफाट." दुसरा त्याला म्हणाला, "राव, तुझं रक्त चढवलं तर दादा ओव्हरटाइम टाळायला लागतील." सिस्टरनी दोघांनाही गप्प केलं.

संध्याकाळपर्यंत रक्तदाब सावरला. शस्त्रक्रिया करून रक्त काढायचं डॉक्टरांनी टाळलं. साठलेल्या रक्ताचाच दाब पडून आतलं वाहणं थांबेल, असं त्यांचं म्हणणं होतं. पोटाचा घेर दर चार तासांनी मोजायचा, नाडी अर्ध्या तासाने पाहायची, आणि पाय जसा वाकला आहे तसा ठेवायचा. शुक्रवारी सकाळी हिमोग्लोबिन घसरलेलं नव्हतं.

पण शुक्रवार हा मशीनचा दिवस होता. रक्त धुतलं नाही तर त्यातलं पोटॅशियम वाढून हृदय थांबू शकतं, आणि आत साठलेलं रक्त विरघळताना तेच पोटॅशियम आणखी वाढवतं. यंत्र लावायचं तर हेपारिन हवं, आणि हेपारिन दिलं तर थांबलेलं पुन्हा वाहील. पोटात पाणी सोडून तेच काम करण्याची एक पद्धत होती, पण पोटाच्या मागेच रक्त साठलेलं असताना डॉक्टर तिकडे सुई न्यायला तयार नव्हते. त्यांनी एक दिवस ढकलला. शनिवारी सकाळच्या तपासणीत पोटॅशियम वर गेलेलं निघालं, तेव्हा ते म्हणाले, "हेपारिन न देता चालवू. जितकं चालेल तितकं."

दहा वाजता सुरू केलं. रक्त जोरात फिरत ठेवायचं आणि दर पंधरा मिनिटांनी नळ्यांमधून सलाइन सोडून त्या धुवून काढायच्या, अशी योजना होती. त्या दिवशी वॉर्डात एकच सिस्टर होत्या आणि आणखी एक मशीन चालू होतं. त्यांनी माझ्या मनगटाकडे बोट दाखवलं. "घड्याळ बरोबर आहे? मग टायमाला सांगायचं. चुकायचं नाही." वहिनींना त्यांनी नळीच्या मधल्या पारदर्शक कुपीसमोर बसवलं. त्या कुपीत रक्त थेंबाथेंबाने पडताना दिसे. तिथे काळा धागा दिसला की हाक मारायची.

दर पंधरा मिनिटांनी मी वेळ सांगे, सिस्टर येऊन चिमटा उघडत, नळी लालची गुलाबी होई आणि पुन्हा लाल. वहिनींनी कुपीवरची नजर हलवली नाही. सव्वाअकराला दादांना झोप लागली. जाग आल्यावर त्यांनी विचारलं, "कूलंटशिवाय चाललंय?"

"चाललंय," मी म्हणालो.

"जॉब जळला नाही अजून?"

"गप्प पडा," वहिनी कुपीकडे पाहतच म्हणाल्या.

बारा वाजून दहा मिनिटांनी त्यांनी सिस्टरला हाक मारली. कुपीच्या कडेला केसाएवढी काळी रेघ आली होती. सिस्टरनी कुपीवर टिचकी मारली, ती रेघ हलली पण गेली नाही. यंत्रावरचा दाबाचा काटा चढायला लागला होता. डॉक्टर आले. त्यांनी काट्याकडे आणि कुपीकडे पाहिलं.

"आणखी अर्धा तास मिळाला असता तर बरं झालं असतं," ते म्हणाले. "नको. परत द्या."

सिस्टरनी रक्ताची नळी बंद करून सलाइन सोडलं. यंत्रात आणि नळ्यांत असलेलं दादांचं रक्त हळूहळू त्यांच्या हातात परत जाऊ लागलं. नळी फिकी होत गेली, मग पाण्यासारखी झाली. मध्येच अडकलं असतं तर तेवढं सगळं रक्त फेकावं लागलं असतं, आणि ते फेकण्याइतकं त्यांच्यात नव्हतं. शेवटी कुपीच्या तळाशी काळसर धाग्यांचा एक छोटा पुंजका राहिला.

"किती राहिलं?" दादांनी विचारलं.

सिस्टरनी कुपी उजेडात धरली. "एक चमचा."

दुपारच्या तपासणीत पोटॅशियम उतरलं होतं, हवं होतं तितकं नाही, पण पुरेसं. डॉक्टरांनी सोमवारी पुन्हा तसंच लावायचं ठरवलं, कमी वेळ, पण एक दिवस आड. पोटाचा घेर वाढला नव्हता. मुंबईला पत्र गेलं, तिकडून उत्तर आलं, आणि शस्त्रक्रिया दिवाळीनंतरची ती संक्रांतीनंतर गेली. दादांनी पत्र दोनदा वाचून घेतलं. रद्द हा शब्द त्यात कुठे आहे का, हे त्यांनी मला शोधायला लावलं. तो नव्हता.

मांडीचा बधिरपणा जायला दोन महिने लागले. तोपर्यंत त्यांनी काठी वापरली. टूल रूममधल्या लोकांनी ती त्यांना पाइप वाकवून, खाली रबर बसवून करून दिली होती. पण हे सगळं पुढचं; त्या शनिवारनंतरच्या सोमवारी मी कचेरीत रजा टाकली. दहा वाजता सिस्टरनी मशीन सुरू केलं, वहिनी कुपीसमोर बसल्या आणि सव्वादहाला मी वेळ सांगितली.